खळ्यावर आखलेलं हॉटेल

हिराने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टेबलांवरची फिल्म सोलणं.

नवीन टेबल कारखान्यातून येतं तेव्हा त्याच्या फळीवर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, वाटेत ओरखडा पडू नये म्हणून. हॉटेल सुरू करायच्या आधी ते काढायचं. काम खरं तर कामावर घेतलेल्या पोरांचं. पण पोरं आत किचनमध्ये शिकत होती, आणि दुसरं कोणी काम करत असताना नुसतं बघत बसणं माझ्या बायकोला कधी जमलं नाही. म्हणाली, "आपुन काढू. त्यात काय शिकायचं हाय?"

तिची नखं पार गेलेली. दहाएक वर्षं उकडलेले गरम बटाटे सोलून आणि बेसन कालवून नखाला धार राहत नाही. फिल्मचा कोपरा तिला धरताच येईना. मग मी किल्लीच्या टोकाने कोपरा सोडवायचा आणि तिने ओढायचं, असं करत एकेक टेबल झालं. ओढताना सर्रकन आवाज यायचा. तिला त्याची मजा वाटली. मधेच म्हणाली, "सापानं कात टाकावी तसं वाटतं." मी म्हटलं, "उद्घाटनाच्या तोंडावर साप कशाला आठवतेस?" तर म्हणाली, "साप काय वाईट? उंदीर खातो. तुमची कंपनी उंदराला घाबरते ना?"

शेवटचं टेबल खिडकीजवळचं. संध्याकाळचं ऊन काचेतून थेट त्याच्यावर यायचं. मी किल्ली लावली तर तिने माझा हात धरला.

"याचं राहू द्या. याचं मी परवा काढीन. बसायच्या आधी."

परवा उद्घाटन होतं. मी किल्ली खिशात ठेवली. ती रिक्षा करून नायगावला घरी निघाली, मी पाण्याच्या टँकरची वाट बघत थांबलो. रिक्षात बसता बसता म्हणाली, "बोंबील आनलेत. लवकर या, मंग ते पानी पानी होतात."

एवढंच. आमच्यात विशेष काही बोलणं झालं नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं की काका, धंद्याचे अनुभव लिहा, लोकांना उपयोग होईल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. धंद्याचं लिहायला घेतलं तर पहिली तीच आठवली, त्याला माझा इलाज नाही. आता धंद्याचं सांगतो.

फ्रँचायझी म्हणजे काय, हे मला अजून लोक विचारतात. मी लग्नाचं उदाहरण देतो. मांडव कोण घालतो? मुलीकडचे. पाणी कोण भरतं, जेवण कोण घालतं, पाहुणे रुसले तर समजूत कोण काढतं? मुलीकडचे. आणि पत्रिकेवर मोठ्या अक्षरात नाव कोणाचं? मुलाकडच्यांचं. फ्रँचायझी घेणारा तो मुलीचा बाप. पाटी कंपनीची, रंग कंपनीचा, बर्गर कसा करायचा ते कंपनी सांगणार. पण जागा, वीज, पाणी, गटार, धूर, परवाने आणि शेजाऱ्यांची भांडणं, हे सगळं तुमच्या अंगावर. लोकांना वाटतं कंपनी येऊन दुकान थाटून देते. कंपनी येते ती चुका काढायला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ती मुंबईची होती, फार मोठी नव्हती, आता राहिलीही नाही. माणसं वाईट नव्हती.

आम्ही घरत, नायगावच्या खाडीकाठचे. भातशेती होती आमची. नव्वद सालानंतर वसईच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटी उठायला लागली तेव्हा मी आणि हिराने तिथे पत्र्याची टपरी टाकली. आधी गवंडी, बिगारी खायचे, मग इमारतींत माणसं राहायला आली आणि तीही खायला लागली. वडे, भजी, उसळ. कढईपुढे हिरा, गल्ल्यावर मी. म्हणजे वास तिच्या अंगाला आणि नाव माझ्या. पुढे टपरीच्या जागेच्या बदल्यात एका नव्या इमारतीत तळमजल्याचा गाळा आमच्या नावावर झाला. त्यात काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं. ते हिराने ठरवलं.

आमचा मुलगा विलास अंधेरीला नोकरीला. एकदा त्याच्याकडे गेलो असताना रस्त्यावरून हिराने काचेतून एक बर्गरचं हॉटेल बघितलं. आत थंडगार, बायका पाय मोकळे सोडून खुर्चीत बसलेल्या, पुढ्यात ट्रे. ती तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, चल आत. म्हणाली, "नको, साडीला वास येतो तेलाचा." आणि घरी आल्यावर म्हणाली, "आपल्या गाळ्यात तसलं काढू. मला एकदा खुर्चीत बसून खायचंय, आनि कोनीतरी आनून द्यायचं."

माणसं काय काय कारणांनी धंदे काढतात. आम्ही या कारणाने काढला.

कंपनीने जागा बघून पसंत केली आणि एक दिवस नकाशांची गुंडाळी हातात दिली. मला फूट-इंच वाचता येतात. रेघा वाचता येत नाहीत. कागदावर एक चौकोन म्हणजे टेबल, दुसरा चौकोन म्हणजे फ्रायर, म्हणजे तळायचं मशीन. मला दोन्ही सारखेच दिसत. सही तर केलेली. मग आमच्या गावचा जनू गवंडी म्हणाला, "दादा, आपन हे खळ्यावर मांडू. पायाखाली आलं की समजतं."

भात झोडून झालेलं होतं, खळं सारवून स्वच्छ पडलेलं. आम्ही फक्की आणली, तीच पांढरी भुकटी, कबड्डीचं मैदान आखतात ती. कागदावरचे आकडे मी वाचायचे, जनूने सुतळी धरायची, मी फक्की टाकत जायचं. जनू टेप वापरत नसे. तो सुतळीला गाठी मारायचा. इथे दार, इथे भिंत, इथे गटाराची जाळी, प्रत्येकाची एक गाठ. दुपारपर्यंत खळ्यावर आख्खं हॉटेल उमटलं. त्यातून चालता येत होतं. गावातली माणसं येऊन दारातून आत यायची, खरोखर दाराच्या जागेतूनच, रेघ ओलांडून कोणी यायचं नाही.

हिरा किचनमध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे काय? रांधनाऱ्याचं तोंड दक्षिणेला?"

आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईचं तोंड पूर्वेला असतं. दक्षिणेला तोंड करून आमच्यात कोणी रांधत नाही. मग काय, खळंच तर होतं. कागद फिरवला आणि पुन्हा फक्की टाकली. तळणारा पूर्वेकडे बघायला लागला. हिराचं समाधान झालं. घरातली प्लास्टिकची खुर्ची आणून तिने खिडकीजवळच्या टेबलाच्या चौकोनात ठेवली आणि तीत बसली.

"आता कोन आनतंय?" तिने विचारलं.

मी कागद बघितला. वेटर कुठे उभा राहतो ते सापडेना. दुसऱ्या दिवशी कंपनीचे इंजिनीअर साळवी, त्यांना फोन लावला. ते हसले. "घरतकाका, वेटर नसतो. रांगेत उभं राहायचं, आपला ट्रे आपण न्यायचा."

हे हिराला सांगितलं. ती खळ्यावरच तांदूळ पाखडत बसली होती. सूप थांबलं. "मंग आपली टपरी काय वाईट होती? तिथं बी लोक उभ्यानं घेऊनच जायचे."

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी मी आणून देईन."

"तुम्ही?" ती एवढी हसली की सुपातले तांदूळ सांडले. "घरात पान्याचा तांब्या हातानं घेत नाय, आनि ट्रे आननार."

"आणीन म्हटलं ना."

"आना. बगते मी."

तेव्हापासून ते ठरलेलं होतं. बाकी काही ठरलेलं नव्हतं, हे ठरलेलं होतं.

आता गंमत ऐका. जनू ती गाठींची सुतळी घेऊन गाळ्यात गेला. कागद त्याने नेला नाही, त्याला त्याची गरज नव्हती. गाठीप्रमाणे किचनची जमीन खाली घेतली, उतार काढला, गटाराच्या जाळ्या बसवल्या, निसरड्या न होणाऱ्या लाद्या लावल्या. काम असं सुरेख की हात फिरवावा. साळवी आले, बूट काढून आत गेले, बाहेर आले, नकाशा उघडला, परत आत गेले.

"घरतकाका, हे सगळं उलटं आहे."

फिरवलेल्या कागदाची सुतळी होती ती. गटार एका भिंतीला आणि धुराचं भोक दुसऱ्याच. फोडण्याशिवाय इलाज नव्हता. जनू मानायला तयार नाही. "गाठी माझ्या बरोबर हायत. कागद फिरला त्याला मी काय करू?" हातोडे पडायला लागले तसं हिरा म्हणाली, "मीच बोल्ले पूर्वेला." जनू म्हणाला, "वैनी, तुमी बोल्लात ते बरोबरच. कंपनीला घर बांधायची अक्कल नाय." आणि आम्ही तिघं त्या धुळीत उभे राहून हसत सुटलो. साळवींना वाटलं असेल, खेडवळ माणसं, नुकसानीला हसतात.

पण फोडलेलं पुन्हा बांधेपर्यंत पावसाळा लागला. ओलीत वॉटरप्रूफिंग धरत नाही, लाद्यांखाली पाणी राहतं, ते सुकायची वाट बघावी लागते. शिमग्यानंतर उघडायचं हॉटेल दिवाळीच्या पुढे गेलं. या काळात हिरा दर दोन दिवसांनी यायची, सिमेंटच्या गोणीवर बसायची आणि विचारायची, "सुकलं का?" नव्याने केल्यावर तिचं खिडकीचं टेबल पश्चिमेला आलं. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यावर ऊन येईल. म्हणाली, "येऊ दे. इतकी वर्सं कढईची धग खाल्ली, हे काय ऊन हाय?"

जो कोणी हा धंदा करायच्या विचारात असेल त्याला मी दोन गोष्टी सांगेन. पहिली, चरबीची टाकी. इंग्रजीत ग्रीस ट्रॅप म्हणतात. किचनचं तेलकट पाणी सरळ गटारात सोडलं तर तेल थिजून नळ तुंबतो आणि सगळ्या इमारतीचं पाणी तुमच्या दारात येतं. म्हणून मधे टाकी. तेल वर तरंगतं, पाणी खालून जातं. ती रोज साफ करायची. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं 'नेमलेला कर्मचारी'. नेमलेला कर्मचारी दुसऱ्या दिवशी येत नाही. हॉटेल होतं तोवर ती टाकी मी साफ केली. मालक कोण ते ओळखायचं असेल तर बर्गरच्या हॉटेलात कोणाच्या हाताला घाण वास येतो ते बघा.

दुसरी गोष्ट धूर. तळणाचा धूर पत्र्याच्या मोठ्या नळातून इमारतीच्या गच्चीवर न्यावा लागतो. त्याला सोसायटीचं पत्र पाहिजे. आणि आमचा नळ पहिल्या मजल्यावरच्या फाटकबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून जाणार होता.

फाटकबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मी दोनदा वर गेलो. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा मला दारातच म्हणाल्या, "अहो घरत, तुमच्या कोंबडीचा वास माझ्या देवघरात येणार, आणि वर मीच सही द्यायची?" मी म्हटलं, "कोंबडीचं आणि बटाट्याचं तेल वेगळं असतं, मशीन वेगळं असतं, कंपनीचा नियमच आहे." त्या म्हणाल्या, "धुराला सांगा तुमचा नियम." मी जोरात बोललो. त्यांनी दार लावलं. पत्र अडलं, काम अडलं.

मग हिरा गेली. निर्मळच्या बाजारातून केळी घेतली आणि दुपारी गेली ती दिवेलागणीला खाली उतरली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तिला वासाचं काय नाय वो. तुम्ही दोन वेळा गेलात, नळाबद्दल बोल्लात. बाई, तुम्ही कशा हात, इचारलं का?"

"मी काय सोयरीक करायला गेलो होतो?"

"मंग मी केली. नळ खिडकीच्या पलीकडून न्या, ती सही देते."

नळाला एक वाकण जास्त आलं. वाकण आलं की धूर ओढायला जोर लागतो, साळवी कुरकुरले, मोठा पंखा लावला. सही मिळाली. त्यानंतर त्या दोघींचं चालूच राहिलं. काम बघायला आली की हिरा आधी वर जायची. फाटकबाई तिला हिराबाई म्हणायच्या, ती त्यांना नुसतं बाई म्हणायची. एकदा जिन्यात दोघींचं बोलणं कानावर आलं. हिरा सांगत होती, "पैल्या दिवशी खाली या. खिडकीतलं टेबल आपलं. आपुन दोघी बसायचं, हे आनून देनार हायत." फाटकबाई म्हणाल्या, "हे? हे आणून देणार? मग मला यायलाच हवं."

हॉटेल पुढे कसं चाललं ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर राहील. काही वर्षं बरं चाललं. शनिवार-रविवार रांग रस्त्यापर्यंत जायची. वीज जायची तेव्हा जनरेटर लावायचा आणि वरून शिव्या खायच्या. तऱ्हेतऱ्हेचं गिऱ्हाईक बघितलं. एक गृहस्थ रोज बर्गर घ्यायचे, पाव बाजूला काढून ठेवायचे आणि आतली टिक्की घरून आणलेल्या चपातीत गुंडाळून खायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टरने पाव बंद केलाय." टिक्कीबद्दल डॉक्टरांना त्यांनी विचारलं नसावं. टपरीवरची जुनी माणसं यायची, भिंतीवरचे फोटो बघून म्हणायची, "सुकी चटणी नाही?" नाही म्हटलं की हळूच विचारायची, "वहिनी दिसत नाहीत." मग कंपनी दमली, मालकी बदलली, पाटी उतरली. आज त्या गाळ्यात मोबाईल विकतात. लाद्या मात्र जनूने लावलेल्याच आहेत. त्यांच्यावर कोणी घसरत नाही.

आता राहिलेलं सांगतो.

हॉटेलात टेलिफोन पाहिजे हा कंपनीचा नियम. जोडणी त्याच आठवड्यात मिळाली होती, नंबर फक्त घरी आणि शेजारी दिलेला. हिरा रिक्षातून गेली, टँकर आला, मी टाकी भरून घेत होतो, तेव्हा तो फोन वाजला. आतापर्यंत वाजलाच नव्हता, त्यामुळे कसला आवाज ते कोणाला कळेना. आमची मॅनेजर फिलोमिना, तिने उचलला. ही निर्मळकडची, दोन मुलांची आई, आधी मुंबईच्या मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काम केलेली. तिने ऐकलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला नाही. खाली ठेवला.

"काका, घरी चला. मी रिक्षा बघते."

शेजारणीने नंतर सांगितलं. हिराने बोंबील साफ केले, हात धुतले, म्हणाली जरा छातीत दुखतंय, आणि ओट्यावर बसली. ती बसलीच.

सकाळी विलासने अग्नी दिला. नायगावच्या खाडीवर, भरती होती. परत आलो, अंघोळी केल्या. घरात चूल पेटलेली नव्हती. आमच्यात मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. त्याला कडू घास म्हणतात. कोणी भात आणतं, कोणी आमटी. ते बळेबळे चार घास खायचे, म्हणजे घरातली माणसं जेवती राहतात. भात आला होता, ताटं मांडत होते, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. फिलोमिना आणि दोन पोरं, कंपनीचा लाल गणवेश तसाच अंगावर, हातात खोकी.

त्या दिवशी हॉटेलात चाचणी होती. उघडायच्या आदल्या दिवशी सगळे पदार्थ करून बघायचे, कंपनीचे साहेब चाखणार आणि उरलेलं टाकून द्यायचं. विकायचं नाही, वाटायचं नाही, बाहेर न्यायचं नाही, असा नियम. मी फिलोमिनाला म्हटलं, "हे कसं आणलंस? साहेब?"

"साहेबांसमोरूनच आणलं, काका. आमच्या गावात पण दुःखाच्या घरी जेवण नेतात. मी सांगितलं, पहिलं जेवण काकींच्या घरी जाणार, मग काय लिहायचं ते लिहा."

"मग?"

"ते खोकी धरायला लागले."

माझी थोरली बहीण भागी, आम्ही सगळे तिला भागीआत्या म्हणतो, पांढऱ्या केसांची, तोंडाने तिखट. तिने खोकं उघडलं. बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर. उलटा केला, वास घेतला. "ह्यो कडू घास?" तिने एक तुकडा मोडून माझ्या तोंडापुढे धरला. "खा. तिच्या हाटेलातलं हाय."

पाव गोड होता. कंपनीच्या पावात साखर असते. मी गिळला. मग भागीआत्याने खाल्ला, विलासने खाल्ला, माझ्या भावांनी खाल्ला. जमिनीवर मांडी घालून, धोतरावर, उघड्या अंगाने, सगळे बर्गर खात होते. कोणी हसलं नाही. त्या हॉटेलचा पहिला माल असा आमच्या घरात संपला.

संध्याकाळी प्रश्न निघाला, उद्या उघडायचं का? साळवींचा फोन शेजारी आला होता. म्हणाले, काका, तुम्ही सांगाल तेव्हा उघडू, कंपनीशी मी बोलतो. भाऊ म्हणाले, सुतकात आग कशी पेटवायची? भागीआत्या म्हणाली, "घरची चूल पेटवायची नसते. ती काय घरची चूल हाय? तिथं विजेवर तळतात." भाऊ म्हणाला, "आग ती आगच." भागीआत्या माझ्याकडे वळली. "तू सांग. तुझी बायको होती."

मी म्हटलं, "उघडायचं. फीत कापणार नाही, नारळ फोडणार नाही. दार उघडायचं फक्त. बंद ठेवायला ती गोणीवर बसून वाट बघत नव्हती."

मी फिलोमिनाला निरोप धाडला की गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही. खाणाऱ्याच्या तोंडातला घास कडू कशाला करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरा सदरा घालून वसईला गेलो. मागच्या दाराने गेलो, आधी चरबीच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं. टाकी स्वच्छ होती, कोणीतरी आधीच केली होती. मग फिरून रस्त्यावर आलो आणि पुढच्या दाराने आत शिरलो, गिऱ्हाईक शिरतं तसा.

गर्दी नव्हती. कॉलेजची चार-पाच पोरं रांगेत, एक बाई लहान मुलाला घेऊन. आणि खिडकीजवळच्या टेबलाशी फाटकबाई. इस्त्रीची साडी, केसात अबोलीचा लहानसा गजरा, समोरच्या खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवलेली. जागा धरून ठेवली होती. टेबलावरची फिल्म तशीच होती. पोरांनी तिला हात लावला नव्हता, बहुतेक फिलोमिनाने लावू दिला नव्हता. फाटकबाई नखाने तिचा कोपरा उचकटत होत्या, तो सुटत नव्हता.

मला बघून म्हणाल्या, "या घरत. चक्क वेळेवर उघडलंत. हिराबाई कुठे आहेत? की अजून साडीच निवडतायत?"

मी म्हटलं, "बसा. आणतो."

मी रांगेत उभा राहिलो. पुढची पोरं मागे वळून बघत होती, टक्कल पडलेला हा म्हातारा कोण म्हणून. माझा नंबर आला. काउंटरवर फिलोमिनाच होती. तिने माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि बाकी गिऱ्हाइकांना विचारायचं असतं तसंच विचारलं.

"किती, काका?"

"दोन. बटाट्याचे."

ट्रे कसा धरतात ते मला माहीत नव्हतं. टपरीवर मी गल्ल्यावर बसायचो, आणि घरात तांब्याही हाताने घ्यायचो नाही, ते ती म्हणाली ते खरंच होतं. दोन्ही हातांनी धरला तरी तिने ठेवलेले पाण्याचे कागदी पेले एकमेकांवर आपटत होते. काउंटरपासून खिडकीपर्यंतचं अंतर मी खळ्यावर कितीदा चाललो होतो. तिथे ते जवळ वाटायचं.

टेबलापाशी आलो. ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला, खिशातून किल्ली काढली, फिल्मचा कोपरा सोडवला.

"ओढा," मी म्हटलं.

फाटकबाईंनी ओढली. सर्रकन आवाज आला. त्या हसल्या. मी ट्रे उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आणून दिलंत हो खरंच," त्या म्हणाल्या. "हिराबाई बघायला पाहिजे होत्या."

मी त्यांची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली, समोरच्या खुर्चीत बसलो, आणि त्यांना सांगितलं.